ताई, दुसरं लाव की

गेल्या जूनमधली गोष्ट. अंगणवाडीच्या दारातल्या लिंबाखाली पोरं गोलात बसली होती आणि 'मामाचं पत्र हरवलं' रंगात आलं होतं. पत्र म्हणजे माझ्या जुन्या साडीचा फाडलेला तुकडा. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि पत्र पडलं बारक्याच्या पाठीमागं. पोरं ओरडायला लागली, "ऊठ की! पळ!" बारक्या काही जागचा हलेना. पत्र टाकणारी पोरगी गोल फिरून आली, तिनं फडकं उचललं, त्याच्या पाठीत हाणलं आणि टाळ्या पिटत ओरडली, "तुझ्यावर राज्य!"

बारक्या उठला. फडक्याकडं बघितलं, गोलातल्या पोरांकडं बघितलं, मग सरळ माझ्याकडं आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, हे नको. दुसरं लाव की."

मी हसले. आमच्या मदतनीस काकूही हसल्या. पोरं टपलेलीच होती, कुणीतरी फडकं ओढून घेतलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. बारक्या भिंतीला टेकून बसून राहिला. संध्याकाळी भांडी घासताना ते वाक्य परत आठवलं आणि हातातलं पातेलं हातातच राहिलं. चार वर्षांचं पोर. खेळात नको ते वाट्याला आलं की खेळच बदलून मिळतो, असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि बदलून देणार कोण, तर जिच्या हातात मोबाईल असतो ती.

(बारक्या हे नाव मी लिहिण्यापुरतं ठेवलंय. मी इथं काही लिहिलं की दोन तासांत ते गावच्या ग्रुपवर पोचतं, म्हणून बाकीच्यांचीही नावं नाहीत किंवा खोटी आहेत. कुणी ओळखायच्या भानगडीत पडू नये.)

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी सांगली जिल्ह्यात, कडेगाव-विट्याच्या बाजूला अंगणवाडी सेविका आहे. 19 वर्षं झाली. लागले तेव्हा अकरा रजिस्टरं होती, ती भरता भरता बोटांना शाई लागायची. आता सगळं मोबाईलवर. पोरांची हजेरी मोबाईलवर, वजन-उंची मोबाईलवर, घरी न्यायचा शिधा मोबाईलवर. 2025 च्या जुलैपासून तर शिधा देताना आईचा चेहराही मोबाईलला ओळखावा लागतो. आईनं समोर उभं राहायचं आणि डोळे मिचकावायचे. एकदा एका बाईच्या कडेवरचं दीड वर्षाचं पोर आईचं बघून इतक्या जोरजोरात डोळे मिचकावायला लागलं की आम्हाला हसू आवरेना. त्या पोराला वाटलं असणार, मोबाईलसमोर असंच करायचं असतं. एरवी आई आपल्याकडं बघून डोळे मिचकावत असती तर ते तिच्याकडं बघून शिकलं असतं, असं मनात आलं. पण मी गप्प बसले, कारण मोबाईल माझ्या हातात होता.

तर राज्य.

आपल्या लहानपणी राज्य येणं म्हणजे काय होतं ते आठवून बघा. आधी सुटायचं (काही ठिकाणी चकायचं म्हणतात). तिघांनी हात एकत्र आणायचे, एकदम उताणे नाहीतर पालथे टाकायचे, ज्याचा वेगळा पडला तो सुटला. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. त्यात वशिला नाही. पाटलाचा नातू असला तरी हात चुकीचा पडला की राज्य. रडलं तर 'रडीचा डाव' म्हणून आठवडाभर चिडवणं व्हायचं. पायात काटा मोडला, चड्डीची नाडी सुटली, तर 'टाइम प्लीज' ओरडायचं, आणि दोन मिनिटांपूर्वी तुम्हाला पकडायला जिवाच्या आकांतानं पळणारा माणूस तुमचा काटा निघेपर्यंत कंबरेवर हात ठेवून थांबायचा. आणि धाकटं भावंड कडेवर घेऊन खेळायला आलेल्या पोरींसाठी लिंबूटिंबू. लिंबूटिंबूवर राज्य येत नाही, त्याला बाद करायचं नाही. त्याहून अवघड भाग असा, की आपल्याला कुणी बाद करत नाही हे त्याला कळूही द्यायचं नाही. सहा-सात वर्षांची पोरं हा कायदा पाळायची. मी कितीतरी प्रशिक्षणं केली, दोन-दोन दिवसांची, चहा-बिस्किटांसकट. 'सामाजिक-भावनिक विकास' या शीर्षकाखाली तिथं जे काही सांगतात ते सगळं त्या एका लिंबूटिंबूत आहे.

मोबाईलमध्ये राज्य येत नाही. तिथं हरलं की पुन्हा पहिल्यापासून, कंटाळा आला की बोट वर सरकवायचं. मोबाईल कट्टी घेत नाही. मोबाईलला ढकललं म्हणून तो रडत त्याच्या आईकडं जात नाही आणि त्याची आई भांडायला येत नाही. मग ढकलल्यावर काय होतं ते पोराला कळणार कुठून? अंगणवाडीत येऊन पहिल्यांदा कळतं, तेही वयाच्या चौथ्या वर्षी.

पुस्तकातल्या हत्तीवर दोन बोटं फाकवून तो मोठा करू बघणारी पोरं आता सगळ्यांनीच बघितलीत, त्याचं मला काही वाटत नाही. मला खुपतं ते वेगळंच. पूर्वी एखादं पोर पडलं की चार पोरं धावत सांगायला यायची, "ताई, ह्याला लागलं." त्यातलं एखादं चुगलखोर असायचं, एखाद्याला नुसतं रक्त बघायचं असायचं, पण यायची. आता पडलेलं पोर रडतं आणि शेजारचं पोर ठोकळे रचत राहतं. सगळीच अशी नाहीत, खोटं कशाला बोलू. पण वर्गात पाच-सहा तरी निघतात, आणि त्यांच्या घरी चौकशी केली की जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल, हे बहुतेक वेळा निघतंच.

बारक्याचंही तसंच. हा पोरगा वन टू थ्री करत वीसपर्यंत जायचा, रंगांची नावं इंग्रजीत घडाघडा सांगायचा. पण तहान लागली की "पाणी" म्हणायचा नाही. माझं मनगट धरायचा आणि ओढत माठापाशी न्यायचा. माझा हात म्हणजे त्याला एक बटण होतं. त्याची आई पोल्ट्रीत कामाला, बाप ट्रॅक्टरवर, घरी आजी, आणि आजीचे गुडघे गेलेले. मी आजीला विचारलं तर म्हणाल्या, "काय करू ताई, मला त्येच्यामागं पळवत न्हाई. मोबाईल दिला की एका जागी बसतंय. आन् बघितल्याबिगर घासच घेत न्हाई."

मला आजींना बोल लावता येईना. माझी स्वतःची आजी सांगायची, तिच्या वेळी खुरपायला जाणाऱ्या बाया पोराला अफूची बारीक गोळी चाटवायच्या आणि बांधावर झोळीत निजवायच्या. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका 'बाळगोळी' द्यायच्या ती हीच, त्यातही अफूच. पोराच्या वाईटावर कुणी नव्हतं. बाईला आठ तास काम होतं आणि पोर सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, एवढंच. आज गोळीच्या जागी मोबाईल आला म्हणून तिला नावं ठेवायला सगळं गाव गोळा होतं, पण "जा, तासभर मी बघतो पोराला" म्हणणारा एक बाप्या मला अजून दिसायचाय.

ठकूचं सांगते. ठकू आमच्या बाहुली कोपऱ्याची मालकीण. एक दिवस ती भातुकली मांडून बसली होती. बोळक्यात पाला चिरून भाजी केली, मातीच्या भाकरी थापल्या. बाहुलीला भिंतीला टेकवून बसवलं. मग उठली, बाहेर गेली आणि कौलाचं चपटं खापर घेऊन आली. ते बोळक्याला टेकवून बाहुलीच्या समोर उभं केलं, कललं म्हणून खाली खडा लावून नीट केलं, आणि मगच पहिला घास भरवला. बाहुलीकडं बघत नव्हती ती. दुसरं एक खापर तिच्या स्वतःच्या डाव्या हातात होतं आणि ती त्यात बघत होती.

मी काकूंना खुणेनं दाखवलं. काकू म्हणाल्या, "आय आहे तिची हुबेहूब." मी म्हटलं, "आणि आपण?"

कारण दोनच दिवसांपूर्वी माझं असं झालं होतं. महिनाअखेर होती, नोंदी राहिल्या होत्या. आमच्याकडं नेटवर्क मिळतं ते मागच्या खिडकीपाशीच, तर मी खिडकीला चिकटून मोबाईल वर धरून उभी. माझी पुतणी पुण्यात मानसशास्त्र शिकते, ती सुट्टीला आली होती म्हणून अंगणवाडी बघायला आलेली. सगळं भरून झाल्यावर मी वळले तर ती म्हणाली, "काकी, ती निळ्या फ्रॉकमधली मुलगी तुला नऊ वेळा ताई म्हणाली." मी नऊ वेळा 'हं' म्हटलं असणार. मी त्या पोरीला हाक मारली, "काय गं, काय म्हणत होतीस?" तर ती म्हणाली, "काय न्हाई." मागाहून काकूंकडून कळलं, ओट्यावर गोगलगाय चालली होती, ती दाखवायची होती. मी वळेपर्यंत गोगलगाय गेली. गोगलगाय निघून जाण्याइतका वेळ मी वळले नव्हते.

रात्री जेवणं झाल्यावर पुतणीनं मला एक व्हिडिओ दाखवला. (मोबाईलवरच. हसा.) एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा तो जुना प्रयोग. आई आपल्या तान्ह्या बाळाशी खेळतेय, बाळ बोट दाखवतंय, ती तिकडं बघतेय, दोघं हसतायत. मग आई तोंड फिरवते, आणि पुन्हा समोर वळते ती चेहरा दगडासारखा करून. बाळाकडं बघतेय पण हलत नाही, बोलत नाही. दोन मिनिटं फक्त. बाळाला लगेच कळतं. ते आधी हसून बघतं. मग मघासारखं बोट दाखवतं. मग दोन्ही हात पुढं करतं. मग किंचाळतं. शेवटी अंग वळवून तोंड फिरवतं आणि रडायला लागतं. आई परत हसली की सगळं निवळतं, पण ती दोन मिनिटं बघवत नाहीत. ट्रॉनिकनं हे पहिल्यांदा मांडलं ते 1975 साली. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला आपल्याकडं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, देशातल्या 33 प्रकल्पांत, म्हणजे आमच्या अंगणवाडीचा जन्मही त्याच सालचा. मोबाईल तेव्हा आपल्याकडं कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

मला त्या बाळाचं रडणं तितकं लागलं नाही जितकं त्याचं हात पुढं करणं लागलं. पोरं हरेक उपाय करून बघतात. आणि मग सोडून देतात. "काय न्हाई" म्हणतात.

पुतणीनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या लिहून ठेवल्या होत्या. एक बोस्टनची. तिथल्या संशोधकांनी बर्गर-बिर्गर मिळतो तसल्या हॉटेलांत बसून पोरांबरोबर जेवायला आलेल्या 55 मोठ्या माणसांवर नुसती नजर ठेवली. त्यातल्या 40 जणांनी जेवताना मोबाईल काढला. जी माणसं त्यात पार बुडाली होती, त्यांची पोरं लक्ष वेधायला दंगा करत आणि मग ती माणसं पोरांवर खेकसत. 2014 मध्ये छापून आलं ते. मला त्यासाठी बोस्टनला जायची गरज नाही, विट्याच्या एसटी स्टँडवर अर्धा तास बसलं तरी पुरे. पण कुणीतरी ते मोजून लिहिलं याचं बरं वाटलं.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची. अमेरिकेतच, सिएटलला, पॅट्रिशिया कुहल नावाच्या बाईंनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, खेळणी दाखवत, पुस्तकं वाचत, अशी बारा वेळा. काही बाळांना तेच टीव्हीवर दाखवलं. माणसासमोर बसलेल्या बाळांना त्या भाषेतले बारीक आवाज वेगळे ओळखता यायला लागले. टीव्हीसमोरच्यांना काही नाही, कोरी करकरीत. 2003 सालचं हे काम. बारक्याचं वीसपर्यंतचं वन टू थ्री मोबाईलनंच शिकवलं होतं, ते मी नाकारत नाही. चार वर्षांचं पोर पाठ करू शकतं. पण "पाणी दे" हे कुणाला तरी म्हणायचं असतं, आणि त्यासाठी समोर ऐकणारं कुणी लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगून ठेवलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसात एक तासाच्या वर नको, आणि त्याहून कमी तर चांगलंच. आपल्या इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही साधारण तेच म्हणणं आहे. दोन वर्षांच्या आत काहीच नको, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. हा आकडा पालकसभेत सांगितला की आया माना डोलावतात. मान डोलवायला काय लागतं.

ती व्हिडिओ कॉलची सूट मात्र कुणीतरी विचार करून ठेवलीय. आमच्या भागात गलाईचा धंदा. सोनं-चांदी गाळायच्या कामाला इथली माणसं पिढ्यानपिढ्या देशभर पांगलेली. ठकूचा बाप तमिळनाडूत असतो, वर्षातून दोनदा येतो. ठकूला बाप म्हणजे मोबाईलमधला चेहरा. तिची आई सांगत होती, पोरगी रोज रात्री बोरं घेऊन बसते, एक आपण खाते आणि एक मोबाईलला लावते. तिकडून बाप तोंड 'आ' करतो आणि चावल्याचा आवाज काढतो. एक दिवस कामाच्या गडबडीत त्यानं तोंड उघडलं नाही, तर ही रुसून बसली आणि कट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी बापाला कान धरून माफी मागावी लागली. आता सांगा, हाही मोबाईलच. पण इथं राज्य येतंय, कट्टी होतेय, पलीकडं कुणीतरी आहे. पालकसभेत मी तासांपेक्षा हेच विचारते आता. मोबाईलमधलं जे कोण आहे, ते तुमच्या पोराला उत्तर देतं का?

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण व्हॉट्सॲपवर हल्ली डॉक्टर फार झालेत. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक पोरगी होती. हाकेला बघायची नाही, बोलायची नाही, आपल्याच नादात. सगळ्यांनी निकाल लावून टाकला, मोबाईलनं झालं. सासूनं सुनेला घालूनपाडून बोलून घेतलं, नवऱ्यानं फोन आपटला. मलाही तसंच वाटलं होतं, हे कबूल करते. वर्षातून दोनदा अंगणवाडीत पोरं तपासायला आरोग्य पथक येतं, त्यांनी तिला पुढं पाठवलं, तर निघालं काय, पोरीला ऐकूच कमी येत होतं. कानाला यंत्र बसलं. आज ती पहिलीत आहे आणि इतकी बोलते की तिच्या बाई वैतागतात. एखाद्या पोराला स्वमग्नता असते, एखाद्याच्या कानाची तक्रार असते, एखादं नुसतंच उशिरा बोलतं. मोबाईलवर खापर फोडून घरी बसलं तर तपासणी राहून जाते आणि आई तेवढी फुकट बोलणी खाते. बारक्यालाही मी आधी पथकाकडून तपासून घेतलं. कान ठीक होते.

मग आम्ही काय केलं, तर आधी एक फसलेला उद्योग. आमच्यापासून फार लांब नाही, कडेगाव तालुक्यातच मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर ग्रामसभेत ठरवलं आणि केलं. पेपरात आलं, लांबलांबून लोक बघायला आले. ते वाचून मलाही हुरूप आला. भोंगा काही मला परवडणार नव्हता, म्हणून मी वेताची बुट्टी आणली. पालकसभेला आलेल्या आयांनी मोबाईल बुट्टीत टाकायचे आणि अर्धा तास पोरांबरोबर खेळायचं.

पहिल्या दिवशी बावीस मोबाईल पडले. पाच मिनिटांत बुट्टी वाजायला लागली. कुणाची सासू, कुणाचा मुकादम, कुणाचा गॅसवाला. प्रत्येक वेळी बुट्टीत हात घालून सगळ्याजणी आपलाच वाजतोय का ते बघणार. दोन मोबाईल बदलून गेले, त्यावरून संध्याकाळी दोन घरांत भांडणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका पोरानं विचारलं, "ताई, तुझा न्हाई टाकला?" माझा टाकता येत नव्हता, हजेरीचे फोटो जायचे होते. बुट्टी आता कांदे ठेवायला वापरतो.

वडगावचा भोंगा मला आवडतो, पण तो शाळेच्या पोरांच्या अभ्यासासाठी ठीक. माझ्या वयोगटाला भोंगा कळत नाही. त्यांना एवढंच कळतं की त्या दीड तासात आई-बाप आपल्याशी बोलले की नुसतेच तोंड पाडून साडेआठची वाट बघत बसले.

दुसरा उद्योग साधा होता. रोज सकाळी खिचडीआधी दहा मिनिटं नुसतं सुटायचं. पुढं खेळ असो नसो. हात उताणा, हात पालथा, कोण सुटला, कोण उरला. आणि नोंदी भरायच्या वेळी मी मोठ्यानं सांगायला लागले, "आता ताईवर मोबाईलचं राज्य आहे, घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की सुटणार." पोरं घड्याळाकडं बघत बसायची आणि काटा सहावर आला की "सुटली! सुटली!" म्हणून ओरडायची. मग मला मोबाईल कपाटात ठेवावाच लागायचा. कधीकधी काम अर्धं राहायचं. ते घरी.

बारक्याला आधी लिंबूटिंबू केला. चार वर्षांचा घोडा, म्हणजे नियमानं बसत नव्हता, पण केला. तीन आठवडे तो लिंबूटिंबू म्हणून पळत राहिला. त्याच्या आजींना मी म्हटलं, जेवताना मोबाईलच्या जागी तुम्ही तुमच्या माहेरच्या गोष्टी सांगा. त्या म्हणाल्या, "माज्या म्हायेरच्या गोष्टी ऐकून म्या सोताच झोपती." मग श्रावणात त्यांच्या घरचा मोबाईल जनावरांच्या हौदात पडला. दुरुस्तीला पैसे नव्हते म्हणून महिनाभर तसाच राहिला. पहिले चार दिवस पोरानं घर डोक्यावर घेतलं, जेवेना, भिंतीवर डोकं आपटलं. पाचव्या दिवशी उपाशी पोटी आजीच्या मांडीवर येऊन बसला आणि आजी काय सांगतील ते ऐकत जेवला. त्यामुळे यात श्रेय माझं किती आणि हौदाचं किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मोबाईल नंतर दुरुस्त होऊन आला. अजून बघतो तो, पण जेवताना नाही म्हणे.

दिवाळीनंतरची गोष्ट. लपाछपी चालली होती. सुटण्यात बारक्याच उरला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आता हा 'दुसरं लाव' म्हणणार म्हणून. तो लिंबाकडं गेला, खोडावर हात टेकवून त्यात तोंड खुपसलं आणि सुरू झाला, "वन, टू, थ्री..." बोटांच्या फटीतून सरळ सरळ बघत होता. पोरं पळता पळता ओरडली, "ए, चिटिंग, चिटिंग!" यानं तोंड वर न करता ठोकून दिलं, "टाइम प्लीज! डोळ्यात माती गेली!" आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

वीस झाले. पोरं पाण्याच्या टाकीमागं, ओट्याखाली, काकूंच्या पदराआड. ठकूची अडीच वर्षांची धाकटी बहीण, आमची सध्याची लिंबूटिंबू, अंगणाच्या ऐन मध्यावर उभी होती. दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे झाकून. तिच्या हिशेबानं ती लपली होती.

बारक्या वळला. पहिली तीच दिसली, दिसणारच. तो तिच्याजवळ गेला, थांबला. वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. मग मोठ्यानं म्हणाला, "हितं तर कोणच न्हाई," आणि टाकीकडं गेला.